दिसायला सारख्या ओळी, पाइपमधून गेल्या की वेगळ्या: सीआर-एलएफ नेमका कुठे काढायचा?

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी,

पुरंदर तालुक्यातल्या पीकनोंदी एकत्र करायचं काम आम्ही काही जण मिळून करतो. गावोगावचे स्वयंसेवक गाव, पीक आणि हेक्टरमध्ये क्षेत्र असे तीन रकाने भरून फाइल पाठवतात. ती मंडळी विंडोजवर, मी लिनक्सवर. दर फाइलीसाठी वेगळा प्रोग्राम लिहीत बसण्यापेक्षा कट, सॉर्ट, युनिक, ऑक अशा छोट्या कमांडी पाइपने जोडल्या, म्हणजे एकीचं आउटपुट थेट पुढचीला दिलं, की काम होतं, आणि मला ही पद्धत मनापासून आवडते.

सध्या अडलंय ते असं. गावांच्या नावांची एक यादी माझ्याकडची आहे, दुसरी स्वयंसेवकांकडून आलेली. दोन्ही जोडून सॉर्ट-युनिकमधून काढल्या की जेजुरी दोनदा, वाल्हे दोनदा, परिंचेही दोनदा. दोन याद्या ताडून बघणाऱ्या कॉम कमांडला विचारलं तर तिच्या मते दोन्ही याद्यांत एकही गाव सामाईक नाही. डोळ्यांनी बघितलं तर अक्षरन् अक्षर तेच.

दुसरा प्रकार. ऑकला सांगितलं की आधी क्षेत्र छाप, मग स्वल्पविराम, मग गावाचं नाव. पडद्यावर दिवे गावाचा १२ हा आकडा येतच नाही, नुसतं ',दिवे' दिसतं. तेच आउटपुट फाइलीत घेऊन तपासलं तर आकडा जागच्या जागी आहे.

हा ओळीच्या शेवटाचा घोळ आहे एवढं कळतं: विंडोज ओळ सीआर आणि एलएफ अशा दोन न दिसणाऱ्या अक्षरांनी संपवतं, लिनक्स नुसत्या एलएफने. टीआर ही अक्षरं गाळणारी कमांड वापरून सीआर उडवायचा तोडगाही माहीत आहे. मला विचारायचंय ते वेगळं आहे. हा सीआर घालतं कोण? पाइप घालतो का? आणि साखळीत इतक्या कमांडी असताना तो कुठल्या टप्प्यावर काढायचा?

तळटीप

आधी खात्री करून घ्या. कॅट कमांडला वजा मोठा ए हा पर्याय दिला की न दिसणारी अक्षरं दिसतात. लिनक्सच्या फाइलीत ओळीच्या शेवटी नुसतं डॉलरचं चिन्ह येईल, विंडोजच्या फाइलीत त्याआधी कॅरेट आणि एम येईल. मॅकवरच्या कॅटला मोठा ए कळत नाही, तिथे वजा छोटा ई द्या. अजून जवळून बघायचं तर ओडी वजा सी. तुमच्या दिव्याच्या ओळीवर शेवटी १, २, मग बॅकस्लॅश आर, मग बॅकस्लॅश एन असं एकेक बाइट सुटं दिसेल. आणि 'फाइल' नावाचीच कमांड आहे, ती सरळ सांगते की या मजकुराच्या ओळी सीआर-एलएफने संपतात.

आकडा गायब का होतो तेही सांगतो. तिसऱ्या रकान्याच्या शेवटी सीआर चिकटलेला आहे. टर्मिनलने १२ छापलं, मग सीआर आला, म्हणून कर्सर ओळीच्या सुरुवातीला गेला, आणि पुढचं ',दिवे' त्या १२ च्या डोक्यावर छापलं गेलं. फाइलीत सगळं शाबूत असतं, झाकलं जातं ते फक्त पडद्यावर. म्हणून अशा वेळी टर्मिनलवर जे दिसतं त्यावर विसंबू नका, बाइट बघा.

खिळेजुळारी

दोन वेगळी अक्षरं मुळात का आहेत, हे नव्या मंडळींसाठी.

सीआर म्हणजे कॅरेज रिटर्न, आस्की या अक्षर-क्रमांकांच्या यादीतला क्रमांक १३. एलएफ म्हणजे लाइन फीड, क्रमांक १०. टेलिप्रिंटरवर ही दोन वेगळी कामं होती: छापणारा भाग डावीकडे परत नेणं आणि कागद एक ओळ वर सरकवणं. ज्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी तीस-चाळीसच्या परीक्षा दिल्या त्यांना आठवेल, मशीनच्या डाव्या हाताचा दांडा ओढला की दोन्ही कामं एकदम व्हायची. टेलिप्रिंटरला मात्र प्रत्येक कामासाठी वेगळं अक्षर पाठवावं लागे. १९६३ च्या टेलिटाइप मॉडेल ३३ चा वेग सेकंदाला १० अक्षरं होता. ओळीच्या उजव्या टोकापासून परत यायला एका अक्षराचा वेळ पुरत नसे, त्यामुळे सीआर आधी आणि एलएफ नंतर हा क्रम यंत्राच्या सोयीचाही होता.

पुढे मल्टिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ठरलं की फाइलीत एकच अक्षर ठेवायचं, एलएफ, आणि टेलिप्रिंटरला लागणारा सीआर डिव्हाइस ड्रायव्हरने घालायचा. युनिक्सने तेच घेतलं. सीपी-एम या दुसऱ्या सिस्टिमने दोन्ही अक्षरं फाइलीतच ठेवली, तिथून ती १९८१ च्या डॉसमध्ये आली आणि डॉसमधून विंडोजमध्ये. जुन्या मॅकवर नुसता सीआर होता, मॅक ओएस टेनपासून तिथेही एलएफ आला. विंडोजच्या नोटपॅडला नुसत्या एलएफची फाइल नीट दाखवता यायला २०१८ साल उजाडलं.

पाथरवट

कऱ्हाकाठ, तुमचा प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पाइप काहीही घालत नाही आणि काहीही काढत नाही. पाइप म्हणजे कर्नलने, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, सांभाळलेला बाइटांचा बफर, लिनक्सवर सहसा ६४ किलोबाइटांचा. एका बाजूने जे बाइट आत गेले तेच त्याच क्रमाने दुसऱ्या बाजूने बाहेर येतात. 'ओळ' ही गोष्ट त्याला माहीतच नाही. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमधला पाइपही असाच आहे. बदल होतो तो दोन्ही टोकांच्या प्रोग्रामांत.

सी भाषेच्या विंडोजवरच्या रनटाइम लायब्ररीत स्टँडर्ड इनपुट आणि स्टँडर्ड आउटपुट दोन्ही 'टेक्स्ट मोड'मध्ये उघडलेले असतात. प्रोग्रामने बॅकस्लॅश एन लिहिला की लायब्ररी बाहेर सीआर-एलएफ पाठवते. वाचताना उलट, सीआर-एलएफ आला की प्रोग्रामच्या हातात नुसता एलएफ. म्हणजे दोन्ही प्रोग्राम याच पद्धतीने लिहिलेले असतील तर एकाने घातलेला सीआर दुसरा काढतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. घोळ होतो तो टोकं न जुळणारी असली की. डावीकडचा विंडोजचा, उजवीकडचा सिग्विन किंवा डब्ल्यूएसएलमधला, म्हणजे विंडोजवरच चालणाऱ्या लिनक्ससारख्या वातावरणातला. किंवा एक टेक्स्ट मोडमध्ये, दुसरा बायनरी मोडमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे.

याच टेक्स्ट मोडचे आणखी दोन परिणाम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. वाचताना क्रमांक २६ चा बाइट, म्हणजे कंट्रोल-झेड, आला की लायब्ररी 'फाइल संपली' असं समजते. त्यामुळे बायनरी डेटा मध्येच तुटतो. आणि एखाद्या प्रोग्रामने स्वतःच सीआर-एलएफ लिहिला तर लायब्ररी त्यातल्या एलएफच्या आधी अजून एक सीआर लावते, बाहेर पडतं सीआर-सीआर-एलएफ. पायथनमध्ये सीएसव्ही लिहिल्यावर एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीनंतर रिकामी ओळ दिसते ती यामुळेच. सीएसव्ही मॉड्यूल स्वतः सीआर-एलएफ लिहितं आणि फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडलेली असते. फाइल उघडताना न्यूलाइन या पर्यायाला रिकामी स्ट्रिंग द्यायची, पायथनच्या कागदपत्रांतही तसंच सांगितलंय.

सीमध्ये लिहीत असाल तर विंडोजवर सेटमोड फंक्शनने दोन्ही प्रवाह बायनरी करून टाका. पायथन ३.७ पासून स्टँडर्ड आउटपुटवर रीकॉन्फिगर बोलावून न्यूलाइन म्हणजे नुसता एलएफ असं ठरवता येतं. मजकूर न समजता नुसते बाइट पुढे ढकलायचे असतील तर पायथनच्या स्टँडर्ड आउटपुटचा 'बफर' वापरा.

आता तुमचा खरा प्रश्न, काढायचा कुठे. माझं ठाम मत: परका मजकूर साखळीत शिरतो त्या पहिल्याच ठिकाणी, आणि तिथेच. आतल्या सगळ्या कमांडींना फक्त एलएफ माहीत असू दे. विंडोजवाल्यांना परत पाठवायचं असेल तर अगदी शेवटच्या टप्प्यावर सीआर घाला. मधे कुठेही ओळीच्या शेवटाचा विचार करावा लागू नये.

मधली_सुट्टी

पाथरवट, माहिती उत्तम, पण व्यवहारात इतकं नीट कोण बघतं? मी प्रत्येक पाइपमध्ये टीआर वजा डी बॅकस्लॅश आर टाकून मोकळा होतो. सीआर असला तर जाईल, नसला तर काही बिघडत नाही. एका जास्तीच्या कमांडीने वेळ किती जाणार?

पाथरवट

वेळेचं काहीच नाही, पण 'काही बिघडत नाही' हे मला पटत नाही.

पहिलं, टीआर ओळीच्या शेवटचाच सीआर काढतो असं नाही, जिथे दिसेल तिथला काढतो. जुन्या मॅकची, नुसत्या सीआरने ओळी तोडलेली फाइल आली तर सगळी फाइल एकच ओळ होऊन बसते. तिथे सीआर काढायचा नसतो, एलएफमध्ये बदलायचा असतो. प्रगती दाखवणारे प्रोग्रामही तीच ओळ पुन्हा छापायला नुसता सीआर वापरतात. त्यांची नोंद फाइलीत घेऊन टीआर फिरवलात तर सगळे टक्के एकमेकांना चिकटतात.

दुसरं, साखळीतून कधीतरी जीझिप केलेली फाइल किंवा चित्र जातं. त्यात १३ क्रमांकाचा बाइट हा डेटा असतो. टीआरने तो गपचूप काढला की फाइल गेली, आणि ते कळतं उघडताना.

तिसरं, उशिरा काढला तर तो काढताही येत नाही. पेस्ट किंवा जॉनने दोन फाइली आडव्या जोडल्या की डावीकडच्या फाइलीचा सीआर ओळीच्या मधोमध जातो. मग 'शेवटचा सीआर काढ' असं सांगितलेल्या सेडला (मजकुरात शोधून बदल करणारी कमांड) तो सापडत नाही. जोडायच्या आधीच साफ करायला हवं.

मी सेडला 'सीआर, त्यापुढे ओळीचा शेवट' असा नेमका नमुना देतो. मात्र बॅकस्लॅश आर हे जीएनयूच्या सेडला कळतं, मॅकवरच्या सेडवर त्याचा भरवसा धरू नका. तिथे ऑक किंवा पर्ल बरं. आणि डॉस-टू-युनिक्स नावाची कमांड बसवलेली असेल तर ती सगळ्यात बरी. ती बायनरी फाइल ओळखून सोडून देते.

उंबरठा

सगळं वाचून एकच वाटतं, विंडोजच नसेल तर हा प्रश्नच नाही. आमच्याकडे सर्व्हरपासून लॅपटॉपपर्यंत सगळं लिनक्स आहे. सीआर बघितल्याचं आठवत नाही.

रात्रपाळी

उंबरठा, सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम, आणि निव्वळ लिनक्सवर मला सीआर नेहमी भेटतो. तीन ठिकाणं सांगते.

एक, एचटीटीपीचे हेडर. प्रोटोकॉलनुसार प्रत्येक हेडरची ओळ सीआर-एलएफने संपते, सर्व्हर कुठल्याही सिस्टिमवर असो. वेबवरचा पत्ता मागवणाऱ्या कर्ल कमांडला वजा मोठा आय देऊन लोकेशनची, म्हणजे पुढच्या पत्त्याची, ओळ ग्रेपने काढा, ऑकने दुसरा शब्द घ्या, तो व्हेरिएबलमध्ये ठेवून त्याच पत्त्यावर पुन्हा कर्ल करा. पत्ता छापून बघितला तर बरोबर, विनंती मात्र फसते, कारण पत्त्याच्या शेवटी सीआर आहे. शेलचं कमांड सबस्टिट्यूशन शेवटचे एलएफ काढून टाकतं, सीआरला हात लावत नाही. इथे साफ करण्यापेक्षा कर्ललाच वजा डब्ल्यू देऊन रिडायरेक्ट यूआरएल छापायला सांगावं, तो स्वच्छ येतो.

दोन, टर्मिनलचा आभास. प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या डॉकरला वजा टी दिला की कंटेनरमधल्या प्रोग्रामला आपण टर्मिनलवर लिहितोय असं वाटतं. टर्मिनलचा ड्रायव्हर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक एलएफच्या आधी सीआर लावतो. खिळेजुळारींनी मल्टिक्सचं लिहिलंय तीच ही व्यवस्था, आजही चालू. सवयीने वजा आयटी लिहून डेटाबेसचा डंप फाइलीत घेतला की सगळ्या डंपमध्ये सीआर. आउटपुट पाइपमध्ये किंवा फाइलीत जाणार असेल तर टी काढायचा, नुसता आय ठेवायचा. दूरच्या मशीनवर काम करू देणाऱ्या एसएसएचच्या वजा टीचंही तेच. जुन्या अँड्रॉइडवर एडीबी शेलने (संगणकावरून फोनला कमांड द्यायचं साधन) स्क्रीनशॉट घेतला की पीएनजी फाइल उघडायची नाही ती याचमुळे. एक्झेक-आउट हा वेगळा मार्ग तिथे वापरतात, त्यात हा ड्रायव्हर मधे येत नाही.

तीन, ईमेल. ईमेल पाठवायच्या एसएमटीपी प्रोटोकॉलमध्येही सीआर-एलएफ सक्तीचा आहे. काही सर्व्हर नुसता एलएफही ओळीचा शेवट म्हणून चालवून घेत होते, काही नाही. दोन सर्व्हरांच्या या फरकातून एका ईमेलच्या पोटात दुसरं ईमेल लपवून पाठवता येतं हे डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालं, आणि पोस्टफिक्स, सेंडमेल, एक्झिम या सगळ्या मेल सर्व्हरांना दुरुस्त्या काढाव्या लागल्या. ओळ कुठे संपते यावर दोन प्रोग्रामांचं एकमत नसणं किती महागात पडतं ते यावरून बघा.

उंबरठा

डॉकरचं आत्ताच करून बघितलं. वजा टीने सीआर येतो, तो काढला की येत नाही. माहीत नव्हतं. आभार, रात्रपाळी.

शेवंता

मी विंडोजवरच काम करते, पॉवरशेलमध्ये. पाइपमध्ये बाइट जसेच्या तसे जातात असं पाथरवट म्हणतात, पण माझ्याकडे तसं होत नाही. एका प्रोग्रामने एलएफवाला मजकूर दिला तरी पुढच्याला सीआर-एलएफ मिळतो. आणि मराठी मजकूर असेल तर त्याची प्रश्नचिन्हं होतात.

पाथरवट

शेवंताताई, बरोबर पकडलंत. पॉवरशेलचा पाइप खरंच वेगळा आहे, मी ते लिहायला हवं होतं. तिथे दोन प्रोग्रामांच्या मधे पॉवरशेल स्वतः बसतो. पहिल्याचं आउटपुट तो मजकूर म्हणून वाचतो, ओळी सुट्या करतो, आणि दुसऱ्याला देताना प्रत्येक ओळीमागे आपला सीआर-एलएफ लावतो. मूळ शेवट काय होता ते त्या वाटेत हरवतं. बायनरी डेटाचं तर भजंच होतं.

प्रश्नचिन्हांचं कारण: विंडोजबरोबर येणाऱ्या ५.१ आवृत्तीत बाहेरच्या प्रोग्रामला मजकूर देताना मूळ ठरलेलं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट करायचा नियम, आस्की आहे. देवनागरी त्यात बसत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह. आउटपुट-एन्कोडिंग हे व्हेरिएबल यूटीएफ-८ वर आणलं की मराठी टिकते. याच आवृत्तीत 'पेक्षा मोठे' या चिन्हाने फाइलीत लिहिलं तर फाइल यूटीएफ-१६ मध्ये तयार होते, हेही ध्यानात असू द्या.

७.४ आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून, दोन बाहेरच्या प्रोग्रामांमधला पाइप बाइट जसेच्या तसे नेतो. शक्य असेल तर ती बसवून घ्या. ते शक्य नसेल तर तेवढी एक साखळी जुन्या कमांड प्रॉम्प्टमधून चालवा.

डब्ल्यूएसएल वापरणाऱ्यांसाठी जोडून: लिनक्सच्या शेलमधून विंडोजचा प्रोग्राम बोलावता येतो, पण त्याचं आउटपुट विंडोजचंच, सीआरसकट. वापरकर्त्याचं नाव असं विचारून घेऊन त्यावरून फोल्डरचा मार्ग बनवला तर मार्गाच्या मधोमध सीआर येतो आणि 'असं फोल्डर नाही' असं उत्तर मिळतं.

कऱ्हाकाठ

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे आत येतानाच साफ केलं. गावांची यादी जुळली, जेजुरी एकदाच येते आता.

पण एका स्वयंसेवकाची फाइल अजून ऐकत नाही. ती सीएसव्ही नाही, एक्सेलमधून 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून जतन केलेली आहे. सेडचा काही परिणाम नाही. टीआर फिरवला तर एकाआड एक ओळ विचित्र होते, मधूनच चिनीसारखी अक्षरं येतात. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे टीआर न लावता मूळ फाइल नुसती ओळी मोजायला दिली तर नोंदींपेक्षा ओळी जास्त भरतात. हेड आणि टेलने अर्धी-अर्धी करत शोधलं, तर जादा ओळी नेमक्या ऊस असलेल्या नोंदींवर तुटतात. अंजीर, सीताफळ, वाटाणा, ज्वारी, बाजरी यांना काही होत नाही. फक्त ऊस. हे काय आहे?

पाथरवट

हे फार सुंदर उदाहरण आहे, आणि देवनागरी वापरणाऱ्यालाच भेटणारं.

तुमची ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये आहे. एक्सेलचा 'युनिकोड टेक्स्ट' म्हणजे तेच, रकान्यांमध्ये टॅब. यूटीएफ-१६ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर दोन बाइटांचं. आता 'ऊ' बघा. त्याचा युनिकोड क्रमांक हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, ०९०ए. फाइलीत हे दोन बाइट उलट्या क्रमाने पडतात: आधी ०ए, मग ०९. आणि ०ए म्हणजे दशमानात १०, म्हणजेच एलएफ! ओळी मोजणाऱ्या कमांडीला ऊसातला ऊ म्हणजे ओळीचा शेवट वाटतो. ऊन, ऊर्जा, ऊब, सगळीकडे तेच होईल. उन्हाळीतल्या ऱ्हस्व उ ला काही होणार नाही, त्याचा बाइट ०९ आहे.

तो ०९ सुद्धा निरुपद्रवी नाही. आस्कीत ९ म्हणजे टॅब. देवनागरीचा सगळा विभाग ०९०० पासून सुरू होतो, म्हणजे यूटीएफ-१६ मधल्या आपल्या प्रत्येक अक्षरात एक टॅबचा बाइट दडलेला आहे. अशा फाइलीवर टॅबने रकाने कापणारी कट चालवली तर ती अक्षरा-अक्षरावर कापेल.

सीआरचंही असंच एक अक्षर आहे. 'ऍ'चा क्रमांक ०९०डी, आणि ०डी म्हणजे १३. मराठीचा खास 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या मजकुरात 'ऍड.' किंवा 'ऍल्युमिनियम' असं ऍ वापरून लिहिलेलं भरपूर सापडतं. टीआरने सीआर काढताना त्या अक्षराचा अर्धा भाग उडेल.

एकाआड एक ओळ का बिघडते? यूटीएफ-१६ मध्ये सीआरही दोन बाइटांचा असतो, १३ आणि शून्य. टीआर त्यातला १३ काढतो, शून्य तिथेच राहतो. तिथून पुढे सगळे बाइट एका घराने सरकतात आणि भलत्याच जोड्या जुळतात, म्हणून चिनी अक्षरं. पुढच्या ओळीच्या शेवटी आणखी एक १३ जातो आणि जोड्या पुन्हा जागेवर येतात.

यूटीएफ-८ मध्ये हे अशक्य आहे. तिथे देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं आणि तिन्ही बाइट १२७ च्या वरचे. एलएफ, सीआर, टॅब, स्वल्पविराम यांच्याशी गल्लत होऊच शकत नाही. म्हणूनच ग्रेप, कट, सॉर्ट यांना मराठीचं ओ की ठो कळत नसतानाही यूटीएफ-८ मराठीवर ती बिनबोभाट चालतात.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी एन्कोडिंग, मग ओळीचा शेवट. एन्कोडिंग बदलणाऱ्या आयकॉन्व्ह कमांडला 'यूटीएफ-१६ मधून यूटीएफ-८' असं सांगा आणि त्याचं आउटपुट सेडला द्या. आयकॉन्व्हला मूळ एन्कोडिंग नुसतं यूटीएफ-१६ असंच सांगा, मागे एलई लावू नका. एलई लावलं की फाइलीच्या सुरुवातीची बीओएम ही खूण मजकुरात तशीच राहते आणि पहिला रकाना 'गाव' या शब्दाशी जुळत नाही.

तळटीप

हीच खूण एक्सेलच्या 'सीएसव्ही यूटीएफ-८' फाइलीतही सुरुवातीला असते, तीन बाइटांची. कऱ्हाकाठ, तुमच्या पहिल्या ओळीतलं रकान्याचं नाव जुळत नसेल तर तेच कारण. डॉस-टू-युनिक्सला फाइल दिली तर ती सीआर आणि ही खूण दोन्ही काढते. स्वयंसेवकांना एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडायला सांगा. साधा सीएसव्ही निवडला तर मराठीची प्रश्नचिन्हं होऊन येतील, आणि मग ती कशानेच परत मिळत नाहीत.

मधली_सुट्टी

ऊसाचं वाचून मी माझ्या स्क्रिप्टा उघडून बसलोय. पाथरवट, तुमचं म्हणणं मान्य. आत येतानाच साफ करायचं.

एक उपप्रश्न. आमच्या गटातले दोघे विंडोजवर स्क्रिप्ट सुधारतात आणि गिटमध्ये, म्हणजे फाइलींचे बदल नोंदवणाऱ्या साधनात, टाकतात. माझ्याकडे ती चालवली की 'बॅड इंटरप्रिटर' असा निरोप येतो, ती चालवणारा बॅश तर जागेवर आहे.

रात्रपाळी

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशच्या मार्गाच्या शेवटी सीआर आहे. कर्नल त्या सीआरसकट नावाचा प्रोग्राम शोधतो, तो कुठून मिळणार?

प्रत्येकाच्या गिटच्या सेटिंगवर सोडू नका, कारण ऑटो-सीआरएलएफ प्रत्येकाकडे वेगळं असतं. रिपॉझिटरीतच गिट-ॲट्रिब्यूट्सची फाइल ठेवा. सगळ्या मजकुराला टेक्स्ट म्हणजे ऑटो, आणि डॉट एसएच फाइलींना ईओएल म्हणजे एलएफ. मग गिट ॲडला रीनॉर्मलाइझ देऊन एकदा कमिट करा. विंडोजवरचे एडिटर आता एलएफ नीट सांभाळतात, त्यांना त्रास होणार नाही.

कऱ्हाकाठ

चाललं! उसाचं क्षेत्रही बरोबर आलं. साखळीच्या तोंडाशी एक छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे: 'फाइल' कमांडला विचारते, यूटीएफ-१६ असेल तर आयकॉन्व्हमधून काढते, बीओएम काढते, शेवटचा सीआर काढते. पुढच्या सगळ्या कमांडींमधले टीआर काढून टाकले.

एक शंका उरली. एका गावाची शेवटची नोंद दर वेळी गळते. शेलमध्ये 'व्हाइल रीड'ने ओळी वाचतो तिथे.

तळटीप

त्या फाइलीच्या शेवटच्या ओळीनंतर एलएफ नाही. रीड ती ओळ वाचतं, पण एलएफच्या आधी फाइल संपल्यामुळे 'अयशस्वी' असं उत्तर देतं, आणि लूप तिथेच थांबतो. अटीत 'किंवा व्हेरिएबल रिकामं नाही' एवढं जोडा. किंवा तुमच्या त्या तोंडाशी बसवलेल्या स्क्रिप्टमध्ये शेवटी ऑकमधून एकदा काढा. ऑक प्रत्येक ओळीमागे स्वतः एलएफ लावतो, शेवटच्याही. मला हे दुसरं जास्त आवडतं.

शेवंता

मी अशाच नोंदी भरते म्हणून विचारते. आमच्याकडे पत्त्याचा रकाना आहे, आणि त्यात लोक ऑल्ट-एंटर मारून दोन-तीन ओळींत पत्ता लिहितात. तिथे हे सगळं कसं चालेल?

पाथरवट

शेवंताताई, एक्सेल त्या घरातल्या ओळी नुसत्या एलएफने तोडतं आणि नोंदीचा शेवट सीआर-एलएफने करतं. म्हणजे मूळ फाइलीत दोन्हींमध्ये फरक आहे. सीआर काढला की तो फरक पुसला जातो, उरतात फक्त घराभोवतीची दुहेरी अवतरणचिन्हं, आणि सॉर्ट, ग्रेप, ऑक यांना ती कळत नाहीत. पत्त्याची प्रत्येक ओळ त्यांना स्वतंत्र नोंद वाटते.

म्हणून अशी फाइल सेडकडे नेऊच नका. साखळीच्या तोंडाशी पायथनची छोटी स्क्रिप्ट ठेवा. फाइल न्यूलाइन रिकामी ठेवून उघडायची, एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्यायचं म्हणजे बीओएमही जाते, सीएसव्हीच्या रीडरने नोंदी वाचायच्या, प्रत्येक घरातल्या एलएफच्या जागी स्वल्पविराम आणि एक रिकामी जागा घालायची, आणि रकाने टॅबने जोडून, शेवटी नुसता एलएफ लावून बाहेर सोडायचं. घरात कुणी टॅब दाबला असेल तर त्याचीही रिकामी जागा करा. तिथून पुढे एक नोंद म्हणजे एक ओळ, आणि कटपासून जॉनपर्यंत सगळं नेहमीसारखं वापरता येतं.